टोपीचा खण

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, ज्यांच्या शेजारी बसून सगळी नोकरी केली त्या सहकाऱ्यांना नाही. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच — आणि आता त्या हयात नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे सोयीचं आहे. सोयीचं आहे हेही कबूल करून टाकतो.

मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाचं नाव लिहीत नाही, त्याचा यात काही दोष नाही. माझ्याकडे दोन कामं होती. एक, रविवारच्या पुरवणीचं पान. दुसरं, रोजच्या अंकात आतल्या पानावर खाली कोपऱ्यात एक छोटा चौकोन असायचा, 'दुरुस्ती'. आदल्या अंकात काही चुकलं असेल तर ते तिथे छापायचं. कुणाचं आडनाव, कुणाचा हुद्दा, एखाद्या पुलाची लांबी. नव्याने लागलेल्या मुलांकडून मी एक नियम घोटून घ्यायचो. दुरुस्तीत चूक पुन्हा लिहायची नाही. बरोबर काय आहे तेवढं लिहायचं, आणि थांबायचं. कारणं द्यायची नाहीत. कारणं द्यायला लागला की माणूस स्वतःला सोडवायला लागतो.

म्हणजे चूक कशी दुरुस्त करायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कदाचित तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याला मार्ग सापडला नसेल. मार्ग माझ्या टेबलावर होता. रोज संध्याकाळी तो चौकोन रिकामा यायचा आणि मीच भरायचो.

रविवारच्या पानावर माझं एक सदर होतं, जुन्या लाकडी सामानाबद्दल. त्यातही माझा जीव होता तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या झोपायच्या खोलीतल्या सामानात. कपड्यांची उभी कपाटं, संगमरवरी माथ्याची तोंड धुण्याची टेबलं, खणाखणांची रुंद कपाटं. कँपातल्या बंगल्यांमधून, सामान विकून मायदेशी गेलेल्या साहेबांच्या लिलावांमधून हे सगळं पुण्यात बरंच पसरलेलं आहे. त्याच्या नकलाही तितक्याच पसरलेल्या आहेत. अस्सल कसं ओळखायचं, विकत घेताना काय बघायचं, हे मी लिहायचो. लोक वाचायचे, कात्रणं ठेवायचे, फोन करायचे — "अहो, आमच्याकडे एक कपाट आहे, जरा येऊन बघता का?"

माझा पहिला नियम मी अधूनमधून पुन्हा लिहायचो. खण बाहेर काढल्याशिवाय मत देऊ नका. मुठी बदलतात, पाय बदलतात, पाठ वाळवीने खाल्ली की तीही बदलतात, पॉलिश तर दर पिढीला नवं होतं. म्हणून दर्शनी भागावर जाऊ नका. खण पूर्ण बाहेर ओढा, उलटा करा, कोपऱ्यातला सांधा बघा. हाताने कापलेल्या सांध्याचे दात पंख्यासारखे पसरट असतात आणि एकासारखा दुसरा नसतो. यंत्राने कापलेले सगळे सारखे. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या झिजल्यात का बघा. कुलपावरचा शिक्का बघा. तळाचं कच्चं लाकूड हुंगून बघा.

हे मी लिहिलं होतं. माझ्या नावाने छापलं होतं.

आता नलिनीताई.

नलिनीताई नर्स होत्या, रुग्णाच्या घरी राहून त्याला सांभाळणाऱ्या. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात त्या आमच्याकडे होत्या. आई माझ्यापेक्षा त्यांचं ऐकायची. माझ्याहून काही वर्षांनी मोठ्या, तरी मला 'दादा' म्हणायच्या. आई गेल्यावर त्या कँपात डोरोथीबाईंकडे राहिल्या. डोरोथीबाई एका शाळेत पियानो शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. त्यांची आजी स्कॉटलंडहून आलेली, पण बाईंचं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. मराठी बाजारातली, पण न अडखळता बोलायच्या. नलिनीताईंना त्या 'भवानी' म्हणायच्या. हा शब्द त्यांनी कुठल्या भाजीवालीकडून उचलला होता कुणास ठाऊक. अर्थ माहीत होता की नाही याचीही मला शंका आहे.

मध्ये एकदा ताईंना मोठ्या हॉस्पिटलात कायमची नोकरी मिळत होती. नवरा नव्हता, मुलगा शिकत होता. त्या निघाल्याच होत्या. तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, आणि आपल्या पुतण्यासमोर, रॉनीसमोर म्हणाल्या, "भवानी, तू जाऊ नको. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. पण या घरातली सगळ्यात चांगली चीज तुझी." आणि झोपायच्या खोलीतल्या खणांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. आजीचं कपाट. तिच्याबरोबर जहाजातून आलेलं.

ताई थांबल्या. बाई गेल्या तोपर्यंत थांबल्या.

एवढं नीट लक्षात असू द्या. कपाट विकून काय येईल हे नलिनीताईंनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने त्यांना शब्द दिला होता आणि त्यावर त्यांनी आपली वर्षं ठेवली होती. तो शब्द खरा होता का? त्यांच्यासाठी प्रश्न एवढाच होता.

बाई गेल्यावर कपाट टेम्पोत घालून येरवड्याला ताईंच्या घरी नेलं. टेम्पोत चढवताना रॉनी म्हणाला, "आन्टी का लास्ट जोक है, सिस्टर. ये तो इधर का माल है. पीछे देखो, प्लायवूड." ताई हसल्या. पण कपाटाबरोबर ते वाक्यही त्यांच्या घरात गेलं. दर वर्षी बाईंच्या पुण्यतिथीला त्या शेवंतीची फुलं घेऊन कँपातल्या दफनभूमीत जायच्या, मेणबत्ती लावायच्या, जरा वेळ थडग्यापाशी बसून बोलायच्या. हो, बोलायच्या. एकदा मीच त्यांना गाडीने सोडलं होतं, तेव्हा लांबून पाहिलं. तिथे रॉनी भेटायचा आणि दर वेळी विचारायचा, "क्या सिस्टर, इंग्लंड का कपाट कैसा है?"

शेवटी त्यांनी मला फोन केला. "दादा, तुम्ही एकदा बघून जा. हा रॉनी काहीही बोलतो. तुम्ही सांगितलंत म्हणजे विषय संपला."

तुम्ही सांगितलंत म्हणजे विषय संपला. असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं. कशाला खोटं बोलू?

मी गेलो. कामाच्या दिवशी, ऑफिसला जाता जाता. पुरवणीचं माझं पान रिकामं होतं आणि मुख्य उपसंपादकांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमचा मजकूर पुढच्या आठवड्यात येणार असेल तर रविवार पुढे ढकलू या का?" म्हणजे मी येरवड्याला गेलो तो मजकूर आणायला. ताईंचा प्रश्न सोडवायला गेलो असं मी तेव्हा समजत होतो. आज तसं समजत नाही.

कपाट छातीएवढं उंच, चांगलं रुंद. वर मध्यभागी एक खोल चौकोनी खण, त्याच्या दोन्ही बाजूंना लहान खण, खाली पूर्ण रुंदीचे लांब खण. मी आधी मागे वाकून पाहिलं. प्लायवूड होतंच. मुठीचा स्क्रू पाहिला, डोक्यावर अधिकचं चिन्ह. राणीच्या काळात असला स्क्रू नव्हता. पाय सागवानी, बाकीचं लाकूड वेगळं. पॉलिश चकचकीत, फवाऱ्याने मारलेलं. आणि तो मधला खण! इतका खोल, इतका बेढब, की तोवर मी पाहिलेल्या एकाही कपाटाला तसला खण नव्हता.

"हा टोपीचा खण," ताई म्हणाल्या. "बाई सांगायच्या. त्यांच्या आजीच्या गावाकडे मोठमोठ्या टोप्या घालायचे म्हणे. त्या चेपू नयेत म्हणून हा खण." आणि त्यांनी तो उघडून दाखवला. आत डोरोथीबाईंची गवती टोपी होती, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला. आमच्याच वर्तमानपत्राचा.

मी खालचा लांब खण ओढला. जरासा बाहेर आला आणि अडकला. आत साड्या ठासून भरल्या होत्या. ताई लगेच खाली बसल्या. "थांबा दादा, रिकामा करून देते. कितीसा वेळ लागतोय?"

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो — राहू द्या. गरज नाही.

मग मी त्यांना सांगितलं. हे इकडेच बनलेलं आहे, फार जुनंही नाही. मजबूत आहे, खुशाल वापरा, पण व्हिक्टोरियन म्हणता येणार नाही. त्यांनी चहा टाकला होता, तो मी घेतला. ताई उभ्याच होत्या. एवढंच म्हणाल्या, "मग बाई असं का म्हणाल्या असतील हो?" मी म्हणालो, त्यांनाही कुणी तसं सांगितलं असेल. मोठ्या उदारपणे म्हणालो. आणि रिक्षा करून ऑफिसला गेलो, कारण मजकूर मिळाला होता.

रविवारी तो छापून आला. 'आजीची टोपी' असा मथळा. नावं बदलली होती, येरवडा आणि कँप तेवढे ठेवले होते. घराघरांतल्या दंतकथांवर मी खुसखुशीत लिहिलं होतं. एक वाक्य असं होतं — 'या खणात टोपी ठेवत असतील तर ती हत्तीची असावी.' ऑफिसात लोक हसले. चूक पुन्हा लिहायची नाही, हा माझाच नियम. पण ही अजून दुरुस्ती नाही. अजून मी तिथवर पोहोचलेलो नाही.

रॉनीला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि कात्रण ताईंना नेऊन दिलं. ताईंचा मला फोन आला. "छान लिहिलंत दादा. मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं. खूप हसलो आम्ही." मला ते खरं वाटलं. की खरं वाटून घेणं बरं वाटलं? आता नक्की सांगता येत नाही.

पुढे त्यांच्या मुलाने धायरीला फ्लॅट घेतला. कपाटाचं काय करणार, मी विचारलं. "जागा नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "पण ते आता डोळ्यांसमोर नको वाटतं. तुमच्या ओळखीत कुणी घेत असेल तर बघा." मी हडपसरच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याचं नाव दिलं. त्याने नकलेच्या भावात घेतलं. पेपरात तसं आल्यावर दुसरा भाव कोण देणार?

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. घाईने, गर्वाने झालेली, पण चूक. बातमीदारीत असल्या चुका होतात आणि त्यासाठीच तर तो चौकोन असतो. माझं सांगणं इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

काही महिन्यांनी मी त्या हडपसरच्या गोदामात गेलो होतो, दुसऱ्याच एका आरशाच्या टेबलासाठी. दाराजवळ ते कपाट उभं होतं. उचलायला हलकं व्हावं म्हणून सगळे खण काढून भिंतीला लावून ठेवले होते. दारातून ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं.

मला वाकावंही लागलं नाही. उभ्या उभ्या दिसलं. सांध्यांचे दात पसरट, एकासारखा दुसरा नाही. सुताराने मापासाठी ओढलेली रेघ अजून तिथे. तळाचं कच्चं पाइनचं लाकूड चहाच्या रंगाचं झालेलं. कपाटाच्या आतल्या पट्ट्या खण सरकून सरकून खोलगट झालेल्या. दर्शनी फळीच्या आतल्या बाजूला जुन्या मुठींची बुजवलेली भोकं. पाठीमागे प्लायवूडच्या कडेला जुन्या फळ्यांची खाच जशीच्या तशी. म्हणजे पाठ, पाय आणि मुठी कुणीतरी कधीतरी बदलल्या होत्या. बाकी सगळं मूळचं. खणाच्या पितळी कुलपावर मुकुट आणि राणीच्या नावाची दोन अक्षरं.

"काय साहेब," व्यापारी गल्ल्यावरून म्हणाला, "तुमचीच कॉपी बघताय?"

मी म्हणालो, हो, बघतोय.

त्या आठवड्यात मी एका ग्रंथालयात जाऊन स्कॉटलंडच्या लाकडी सामानावरचं एक इंग्रजी पुस्तक काढलं. तसली कपाटं तिकडे त्या काळात बनत होती. मध्ये खोल खण, टोप्यांसाठी. चित्र होतं. चित्रातलं कपाट आणि ताईंचं कपाट शेजारी ठेवलं असतं तर भावंडं वाटली असती. दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेतल्याशिवाय छापायचं नाही, असं मी नव्या मुलांना सांगायचो. इथे तर मला माहिती देणारी समोर उभी होती. खण उघडून दाखवत होती. तिने सांगितलेलं मी पडताळून पाहिलं नाही, वर त्यावर हत्तीचा विनोद केला.

त्या संध्याकाळी दुरुस्तीचा चौकोन रिकामा होता. मी दोन ओळी टाइप केल्या, वाचल्या आणि खोडल्या. त्या जागी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षांचं आडनाव दुरुस्त केलं. त्यातला एक काना राहिला होता. त्या अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी फोन करून माझे आभार मानले.

का खोडल्या? आम्ही बातमीत 'असे समजते', 'असे सांगण्यात आले' लिहितो, म्हणजे कुणाला समजलं आणि कुणी सांगितलं ते लपतं. इथे तसं लिहिणार नाही. मी खोडल्या. जाणकार म्हणून माझं शहरात थोडंफार नाव होतं. ज्याने स्वतःचाच पहिला नियम मोडला असा माणूस म्हणून मला ओळखलं जायचं नव्हतं. एवढंच होतं. याहून मोठं काही कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

त्यानंतर लगेच धायरीला ताईंच्या मुलाच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मी गेलो. ताईंनी शेजाऱ्यांशी ओळख करून दिली, "हे आमचे दादा, पेपरात लिहितात. यांनी सांगितलं म्हणजे सांगितलं." एका गृहस्थांनी लगेच त्यांच्या आजोबांच्या आरामखुर्चीची माहिती द्यायला सुरुवात केली. मी ऐकत होतो. ताई पंगतीत मला आग्रहाने श्रीखंड वाढत होत्या. तेव्हा सांगता आलं असतं? आलं असतं. हॉलच्या एका बाजूला नेऊन, एका वाक्यात. मी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं.

आणि आता ते. मी कुठे वळसे घालतो आहे ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

ते कपाट मी विकत घेतलं.

व्यापाऱ्याने नकलेचा भाव सांगितला, मी तो मुकाट्याने दिला. व्यापाऱ्याला वाटलं साहेबांनी ओळखीखातर उचललं. मी स्वतःला सांगितलं की भलत्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून घेतो आहे. योग्य वेळ बघून ताईंना परत देईन. हे मी काही दिवस खरोखर मानत होतो. पण टेम्पो आमच्या सोसायटीत आला, दोघांनी ते जिन्यातून वर आणलं आणि आमच्या झोपायच्या खोलीत भिंतीला लावलं, तेव्हा मला जो आनंद झाला तो काही ठेव सांभाळणाऱ्याचा नव्हता. मला ते हवं होतं. आयुष्यभर ज्या वस्तूंवर लिहिलं त्यातली एक अस्सल वस्तू माझ्या घरात आली होती. ती अस्सल आहे हे शहरात फक्त मला माहीत होतं, आणि ती स्वस्तात मिळाली होती ती मीच पसरवलेल्या खोट्यामुळे.

बायकोला मी सांगितलं, नक्कल आहे, पण बरी आहे. मी खणांवरून हात फिरवत उभा होतो. ती म्हणाली, "तुमचं निरीक्षण संपलं असेल तर चादरी ठेवू का आत?" तिने चादरी ठेवल्या, उशांचे अभ्रे ठेवले, रजया ठेवल्या. मधल्या खोल खणात मी तिला काही ठेवू दिलं नाही. "का, त्यात काय हत्ती ठेवणार आहात?" तिने विचारलं. तिने सदर वाचलं होतं.

त्या वर्षी डोरोथीबाईंची पुण्यतिथी जवळ आली तेव्हा मी ताईंना फोन केला. दफनभूमीत सोडतो म्हणालो. गाडीत सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार केलं होतं.

"नाही जात मी आता," ताई म्हणाल्या. "लांब पडतं हो धायरीहून."

मी म्हणालो, गाडी आहे ना, धायरीहूनच नेतो.

"आणि खरं सांगू दादा? तिथे जाऊन त्यांच्याशी बोलायचं काय, तेच कळत नाही. इतकी वर्षं बोलले. आता वाटतं, कुणाशी बोलत होते मी?"

माझ्या मागे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर कपाट होतं. मी म्हणालो, बरं. तब्येतीला जपा.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. म्हणजे त्यात काही घडलं नाही. मी निवृत्त झालो. दिवाळीला फोन व्हायचा. त्या माझ्या गुडघ्यांची चौकशी करायच्या, कोणतं तेल लावायचं ते सांगायच्या. दर फोनच्या आधी मी ठरवायचो आणि दर फोननंतर मला सुटल्यासारखं व्हायचं. पावसाळ्यात खालचा खण फुगून अडकायचा. बायको हाक मारायची, मी जाऊन ओढायचो. घाई न करता, दोन्ही मुठींना सारखा जोर देऊन ओढला की तो येतो. तेव्हाही आला असता.

गेल्या हिवाळ्यात नलिनीताई गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं. मी धायरीला भेटायला गेलो. मुलगा कुठल्याशा दाखल्यासाठी बाहेर गेला होता, सून मनीषा घरात होती. तिने पाणी दिलं, समोर बसली. ताईंबद्दल बोलू लागली. आजारी माणसाची सवय असलेली बाई, स्वतः आजारी पडली तर कुणाला हात लावू देईना, वगैरे. मग म्हणाली, "शेवटी शेवटी ना काका, आई त्या कँपातल्या बाईंबद्दल फार बोलायच्या. तुम्हाला माहीत असतील ना त्या?"

मी म्हणालो, माहीत आहेत.

"सारखं एकच. म्हणायच्या, बाईंनी मला काही नसतं दिलं तरी मी थांबले असते गं. खोटं तेवढं बोलायला नको होतं."

मी हातातला पेला खाली ठेवला. मनीषा आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीतून तिने गवती टोपी काढली. कडेला जरा विरली होती, पण आकार शाबूत होता. "ही मात्र त्यांनी कधी टाकू दिली नाही. कपाट दिलं, ही ठेवली. इथे माळ्यावर कुणी चेपू नये म्हणून उलटी बादली घालून ठेवायच्या." ती टोपी फिरवून बघत होती. "ते कपाट कॉपीच होतं ना हो काका? तुम्हीच बघितलं होतं ना?"

तिने सहज विचारलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. ज्यांच्यासमोर माझी लाज जाईल असं तिथे कुणीही नव्हतं, आणि ज्यांना उत्तर हवं होतं त्या आधीच गेल्या होत्या. त्या क्षणी खरं बोलायला मला काहीही मोजावं लागलं नसतं.

मी म्हणालो, हो. कॉपीच होतं.

"तुम्ही नेता का ही?" तिने टोपी पुढे केली. "तुम्ही जुन्या वस्तूंतले. आमच्याकडे शेवटी कचऱ्यातच जाईल."

मी म्हणालो, नको, माझ्याकडे जागा नाही.

जागा आहे. बरोबर तिच्या मापाची जागा माझ्या घरात आहे, आणि ती रिकामी आहे.

मी जिना उतरलो. सिंहगड रस्त्यावर येऊन घरी जायची रिक्षा केली. ती टोपी आता कुठे आहे, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

दुरुस्तीचा नियम मी सुरुवातीला सांगितला. बरोबर काय आहे तेवढं लिहायचं, आणि थांबायचं.

डोरोथीबाईंनी नलिनीताईंना दिलेलं कपाट अस्सल आहे. ते स्कॉटलंडातलं, बाईंच्या आजीच्या काळातलं आहे. त्याचा मधला खण टोपीचा आहे. बाई खरं बोलल्या होत्या.